डावीकडचं शून्य

"जरा बघ आणि हो म्हणून टाक," एवढंच मॅडमनं लिहिलं होतं. खाली छापखान्याचा मेल. परत आलेली पाकिटं सहाशे अडतीस, सांभाळायची मुदत तीन महिने, ती या शुक्रवारी संपते, तरी नष्ट करायला परवानगी मिळावी. सोबत पुरावा म्हणून दोन पोत्यांचा फोटो.

खोटं कशाला बोलू, मी "हो" टाइप केलंही होतं. परत आलेल्या टपालाची फिकीर कोण करतो? पाठवणाऱ्याच्या लेखी ते पाठवून झालेलं असतं आणि घेणाऱ्याला ते ठाऊकच नसतं. पण टपाल खात्यातल्या सॉर्टरच्या पोटी जन्म घेतला की एक खोड लागते. पाकीट दिसलं की पत्ता वाचल्याशिवाय राहवत नाही. म्हणून मी फोटो मोठा केला.

पोत्याच्या तोंडाशी आलेल्या पाकिटावर आमच्या शाळेमागच्या गल्लीचं नाव होतं. त्याखालच्या पाकिटावर पाण्याच्या टाकीजवळच्या चाळीचं. दोन्हीकडे गावाचं नाव आमचं आणि पिनकोड ४२१७०. आमच्या देशात पिन पाच आकडीच असतो, पण आमचा तो नव्हे. आमचा शून्य चार दोन एक सात. मी "हो" खोडलं आणि चहा तसाच गार होऊ दिला.

ही पत्रं कसली ते सांगायला हवं. पन्नाशीपुढच्या बायकांची मॅमोग्राफी करणारी एक गाडी गावोगाव फिरते. गाडीतले अहवाल आमच्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये येतात आणि तिथून पत्रं जातात. पत्रं दोनच प्रकारची. "सर्व ठीक, दोन वर्षांनी भेटू" हे एकपानी. दुसरं "पुन्हा या"चं, त्यात दवाखान्यात यायच्या तारखेचं कार्ड असतं, भरायचा फॉर्म असतो आणि घाबरू नका असं सांगणारं एक घाबरवणारं माहितीपत्रक असतं. तीन आठवड्यांत पत्र येईल, असं गाडीतली नर्स प्रत्येकीला सांगते.

माझी ताई साडेचार महिन्यांपूर्वी त्या गाडीत जाऊन आली होती. तिला पत्र आलं नव्हतं. दोनदा फोन करून तिनं मला विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी म्हणाले होते, "अगं, काही असतं तर आलं असतं. आमच्याकडूनच जातं ना ते!" दुसऱ्या वेळी ती "नक्की ना?" म्हणाली तेव्हा मी हसले होते. ते हसू मला त्या मंगळवारी सकाळी जसंच्या तसं ऐकू आलं.

बाबा चौतीस वर्षं आमच्या खोऱ्याच्या सॉर्टिंग ऑफिसात होते. भिंतभर लाकडी कप्पे, समोर उभे बाबा. पाकीट उजव्या हातात घेतलं की डावा हात आधीच कप्प्याच्या दिशेनं निघालेला असायचा. आमच्या खोऱ्यातले सगळे पिन शून्यानं सुरू होतात. पण ते शून्य कुणी तोंडानं म्हणत नसे. बाबा म्हणायचे, "घरातल्या माणसाला कुणी आडनावानं हाक मारतं का? शून्य असतंच. ते बोलायचं नसतं." त्यामुळे आख्ख्या खोऱ्याचा पिन चार आकड्यांचा झाला. दुकानाच्या पाट्यांवर चार, लग्नपत्रिकांवर चार, पाकिटांवरही चारच. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर मात्र पिनच्या अलीकडे लाल पेन्सिलीचा एक छोटा गोल असायचा. ताई आणि मी समजायचो, ही बाबांची सही. पत्र आपल्या बाबांच्या हातातून आलंय याची खूण.

पुढं मी शहरात आले, प्रोग्राम लिहायला लागले. अकरा वर्षांपूर्वी या कामातला पत्त्याचा सगळा भाग मी एकटीनं लिहिला. पिनकोडसाठी जागा ठेवली ती संख्येची, कारण पिन म्हणजे आकडेच. संख्येत डावीकडच्या शून्याला काडीची किंमत नसते, ते संगणक गिळून टाकतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, इतकंच. मी तपासणीचा नियम लिहिला: चार किंवा पाच आकडे असले की बरोबर, हिरवी खूण. पाच आकडे जगासाठी आणि चार आमच्यासाठी.

आमच्याकडे प्रोग्राम तपासायला एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळं ऑफिस शंकासुर म्हणतं, तेही फोन उचलून "शंकासुर बोलतोय" असंच म्हणतात. त्यांनी तेव्हाच शंका नोंदवली होती: "चार आकडी पिन घेतोय. हे बरोबर आहे का?" मी खाली उत्तर दिलं होतं: "बरोबर आहे. शून्याच्या खोऱ्यातले लोक चारच लिहितात. माझे वडील सॉर्टर होते. बंद." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

मंगळवारी मी ती जुनी नोंद उघडली आणि शंकासुरांना हाक मारली. ते खुर्ची सरकवत आले, वाकून वाचलं, मग छापखान्याचा फोटो पाहिला. मी वाट बघत होते की ते आता "मी म्हटलं होतं" म्हणतील. त्यांनी चष्मा पुसला.

"आधीची दहा वर्षं पत्रं पोचत होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती."

"मग आता काय बदललं?"

बदललेलं शोधायला तासही लागला नाही. पाच महिन्यांपूर्वी छापखाना बदलला होता. जुना छापखाना आमचे चार आकडे तसेच छापायचा आणि पत्रं गावाच्या नावावरून पोचायची. नव्या छापखान्याच्या मशीनला पिनसाठी पाच घरं भरलेली लागतात. आमच्याकडून चारच आकडे गेले की ते डावीकडून भरत जातं आणि उरलेल्या शेवटच्या घरात शून्य टाकतं. चार दोन एक सात शून्य. आता असा पिन नसताच तर गोष्ट तिथल्या तिथं अडली असती. पण आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिठागरांच्या भागात. आमच्या गावच्या बायकांची पत्रं तिथं गेली, तिथल्या पोस्टमननं महिनाभर प्रामाणिकपणे ती गल्ली शोधली असेल आणि मग "असा पत्ता नाही" असा शिक्का मारून परत पाठवली. कुणीच कामचुकारपणा केला नव्हता, मी सोडून.

"गाडी तुमच्या खोऱ्यात कधी गेली?" शंकासुर म्हणाले.

"नवा छापखाना आल्यावर एकदाच. साडेचार महिने झाले." मग मी सांगून टाकलं, "माझी ताई गेली होती त्यात."

नातेवाइकाची नोंद उघडून बघायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. तोही नियम मीच लिहिलेला. शंकासुरांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन आपली पिशवी घेऊन आले. "चला," ते म्हणाले, "पोती बघू."

छापखान्याचं गोदाम कागदाच्या रिळांनी खच्चून भरलेलं होतं. शाईचा वास नाकात बसत होता आणि मशीनच्या दणक्यानं पायाखालची फरशी थरथरत होती. गोदामवाल्यानं कोपऱ्यातली दोन पोती दाखवली. "लेखी असेल तर न्या," तो म्हणाला. शंकासुर म्हणाले, "नेत नाही, मोजतो." मोजायला कुणाची बंदी असणार? त्यानं आम्हाला दोन रिकामी खोकी उपडी घालून बसायला दिली.

मी पहिलं पाकीट उचललं आणि बोटांनाच कळलं. पातळ. एक पान. दुसरं, पातळ. लहानपणी बाबा आम्हाला डोळे मिटायला लावून पाकिटं हातात द्यायचे आणि आत काय ते विचारायचे. फोटो, पत्रिका, नुसतं पत्र, मनीऑर्डरची पावती. ताई नेहमी जिंकायची. आता मी डोळे उघडे ठेवून तोच खेळ खेळत होते. पातळ डावीकडे, जाड उजवीकडे. कितीतरी नावं ओळखीची होती. आमच्या शिवणाच्या बाई. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची बायको, पातळ. शाळेतली माझ्या बाकावरची मैत्रीण, जाड.

मॅडमचा फोन आला. मी सगळं सांगितलं. 

"कशालाही हात लावू नकोस," मॅडम म्हणाली. "सोमवारी वकिलांना घेऊन बसू. त्याआधी कुणाला एक शब्द नाही."

"मॅडम, यातली जाड पाकिटं 'पुन्हा या'ची आहेत."

"कळतंय गं मला. पण उद्या कुणी कोर्टात गेलं तर? काय बोलायचं ते आधी ठरवायला नको?" तिचंही आपल्या परीनं खरं होतं. तिच्या डोक्यावर तीनशे माणसांची कंपनी होती. माझ्या मांडीवर पाकिटं होती.

ताईचं पाकीट दुसऱ्या पोत्यात, जवळजवळ तळाशी निघालं. नाव वाचायच्या आधी जाडी कळली. मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या क्षणी हे दुसऱ्या कुणाचं तरी निघू दे असं मी मागितलं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर ते जाऊ दे, असं. माझी मला लाज वाटली, पण मागितलं हे खरं. नाव ताईचंच होतं.

एकूण जाड पाकिटं एक्केचाळीस. शंकासुरांनी खोक्यावर लॅपटॉप उघडून ती एक्केचाळीस नावं प्रोग्राममध्ये काढली. मग स्क्रीन माझ्याकडं वळवली. प्रत्येक नावापुढं एकच शेरा होता: बोलावूनही गैरहजर. बोलावणं पोचलंच नव्हतं आणि गैरहजेरी लागली होती.

मी ताईचं पाकीट माझ्या पिशवीत ठेवलं. शंकासुर छताकडं बघत होते.

"तुम्ही बघितलंत," मी म्हणाले.

"नाही."

"तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"आज सुटलं," ते म्हणाले. "आणि हे बघा, या चाळीस जणींचे फोन नंबर आपल्याकडं आहेत. पत्र पाठवायची पद्धत आहे म्हणून पत्र पाठवतो आपण. फोनला बंदी कुठं लिहिलीय? दवाखान्याला कळवतो मी. माझी पाच वर्षं राहिलीत नोकरीची, काय करतील?"

बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी मॅडमला मेल लिहिला. पिन संख्येत साठवला तो मी, चार आकड्यांना हिरवी खूण दिली ती मी, शंका बंद केली ती मी. चूक माझी आहे आणि एक्केचाळीस जणींना आजच फोन गेले पाहिजेत. उत्तर लगेच आलं: "हे लेखी कशाला दिलंस?" अर्ध्या तासानं दुसरं आलं: "दवाखान्यातून फोन करायला सांगितलंय. प्रोग्राम मात्र सोमवारच्या बैठकीशिवाय कुणी बदलायचा नाही." चूक लिहून द्यायला मला दोन मिनिटं लागली होती. ऑफिसला सांगणं सोपं असतं.

दवाखान्यात मी स्वतः फोन केला, ताईला मीच कळवीन म्हटलं आणि तिच्यासाठी गुरुवार सकाळची वेळ मिळवली. मग ताईला फोन केला. "उद्या येतेय," म्हटलं.

"सुट्टी मिळाली?" ती खूश झाली. "बाबांना सांगते. बारकी येतेय म्हटलं की दाढी करतील."

ताई शाळेचे गणवेश शिवते. बैठकीच्या खोलीत खिडकीशी तिची शिलाई मशीन, शेजारी निळ्या कापडाचे तागे, भिंतीला टेकून कापायचं टेबल. बाबा तिच्याकडंच असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गेल्या दोन वर्षांत मधोमध डाग आलाय, कडेचं दिसतं, समोरचं नाही. त्यामुळे ते माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडं बघतात. बुधवारी दुपारी मी पोचले तेव्हा त्यांची दाढी खरंच झालेली होती.

मी चप्पल काढली आणि पाकीट ताईच्या हातात दिलं. वाटेत साडेतीन तास मी जे काही जुळवलं होतं ते सगळं विसरले. ताईनं पाकीट तळहातावर तोललं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ती नेहमी जिंकायची. तिनं कात्रीनं कड कापली, एका रेषेत, कापडाची कापते तशी. वाचलं. कार्डावरची तारीख वाचली, चार महिन्यांपूर्वीची. मग मशीनच्या स्टुलावर बसली.

"काय आहे?" बाबा म्हणाले.

"तपासणीचं पत्र आहे. पुन्हा बोलावलंय मला."

"मग जाऊ की. त्यात काय!"

"चार महिन्यांपूर्वी बोलावलंय, बाबा." तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुठं होतं गं हे?"

"दुसऱ्याच गावी गेलं होतं."

"पोस्टाचा कारभार!" ताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला गाठ लागत होती. आंघोळ करताना हाताला लागायची. तुला फोन केला ना मी, दोनदा. तू म्हणालीस काही असतं तर आलं असतं. मग म्हटलं, ही काही गाठ नसेलच. आपलीच शंका. मी हात लावायचा सोडून दिला तिथं."

मी उभीच होते. बाबांनी हात पुढं केला. "पाकीट बघू." त्यांनी ते नाकाजवळ नेलं, तिरकं धरलं, पण समोरचं त्यांना दिसेना. बोटानं शिक्क्याचा उंचवटा चाचपला. "परतीचा शिक्का आहे. पिन काय घातलाय गं?"

इथं मी सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली असं नुसतं म्हणतात, माझी खरंच चिकटली होती. आणि सुटली ती खोटं बोलायला. "बरोबर घातलाय," मी म्हणाले.

बाबा खुर्चीत मागं टेकले. पाकीट त्यांनी मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात. "बरोबर पिन असून पत्र दुसरीकडं गेलं," ते म्हणाले. "आमच्या वेळी असं झालं नसतं असं म्हणणार नाही. झालंही असेल." मग ते ताईच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "माफ कर गं पोरी. आमच्या खात्याची चूक आहे."

चौतीस वर्षांत ज्या माणसानं एक दिवस खोटी रजा टाकली नाही, तो माझ्यापायी माफी मागत होता. आणि मी हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी इतकी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

रात्री ताई आणि मी शेजारी शेजारी झोपलो. ती जागी होती आणि मीही. दोघी झोपल्याचं नाटक करत होतो. लहानपणी ते आम्हाला चांगलं जमायचं.

गुरुवारी बाबा हट्टानं आमच्याबरोबर आले. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपाशी एक केस बांधलेली, चटपटीत बाई बसली होती. तिची स्क्रीन तिरकी होती, आम्हाला अर्धी दिसायची. वरची निळी पट्टी मी ओळखली. तो रंग मी निवडलेला. हे आमचंच काम.

"नाव?" बाईनं विचारलं. ताईनं सांगितलं. वय सांगितलं, पत्ता सांगितला.

"जुनी नोंद आहे तुमची. गैरहजर लावलंय," बाई म्हणाली. "बोलावल्यावर यायचं असतं हो. आता उशीर झाला की पुन्हा आमच्याच नावानं ओरडायचं."

ताईचा चेहरा लाल झाला. "पत्रच आलं नाही मला," ती म्हणाली. "पोस्टानं घालवलं."

बाबांनी मान खाली घातली.

"बरं बरं. पत्ता पुन्हा पक्का करून घेते. पिनकोड?"

"चार दोन एक सात," बाबा म्हणाले. निदान तेवढं तरी त्यांना ठाम सांगता येत होतं.

बाईनं चार आकडे टाइप केले. चौकटीशेजारी हिरवी खूण उमटली. ती अकरा वर्षांत लाखो वेळा उमटली असेल, पण मी ती माझ्या माणसांच्या नावापुढं उमटताना कधी पाहिली नव्हती.

"आधी शून्य लावा," मी म्हणाले.

"कशाला? घेतलं की त्यानं. हिरवं झालं."

"ते घेतं. त्याला मीच शिकवलंय."

बाईला वाटलं मी चेष्टा करतेय. ताईला वाटलं नाही. ती माझ्याकडं वळली आणि मी तिथंच, खिडकीला हात धरून सगळं सांगितलं. हा प्रोग्राम माझा आहे. पिनमधलं शून्य मी टाकून दिलं. त्यामुळे पत्र मिठागरांकडं गेलं. "पोस्टाची चूक नव्हती, बाबा. पाकिटावरचा पिन चुकीचा होता. काल मी तुमच्याशी खोटं बोलले." मागं रांगेतलं कुणीतरी खाकरलं. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नाही असं वाटून मी ते गिळलं.

 ताई खिडकीकडं वळून म्हणाली, "शून्य लावा."

बाईनं लावलं. शून्य चार दोन एक सात. पुढच्या चौकटीत गेली आणि आमच्या देखत शून्य पुसलं गेलं. ४२१७. हिरवी खूण.

"अगंबाई," बाई म्हणाली आणि पुन्हा टाइप केलं. पुन्हा गेलं. तिनं तिसऱ्यांदा केलं. "राहतच नाही हो."

"सोमवारपर्यंत राहणार नाही," मी म्हणाले.

ताईनं खिडकीतून हात घालून बाईच्या पुढ्यातलं पेन घेतलं. बाईनं छापून पुढं सरकवलेल्या आपल्या कागदावर, चार आकड्यांच्या अलीकडं, तिनं शून्य काढलं. पेन चालेना तरी गिरवून गिरवून काढलं. "आणि मला पत्र पाठवू नका," ती बाईला म्हणाली. "मी स्वतः येऊन विचारत जाईन. या बाईंना कळवायचीही गरज नाही."

'या बाई' म्हणजे मी. आतून नर्सनं ताईचं नाव पुकारलं. मी तिच्यामागं निघाले तशी ती थांबली.

"तू नको. मला आत्ता तुझं तोंड बघवत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "बाबांपाशी बस."

दार तिच्यामागं लागलं. मी बाबांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. समोर भिंतीवर हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता होता, तो मी दोनदा वाचला. बाबा माझ्या कानाकडं बघत होते.

"मला वाटलं," मी म्हणाले, "आपल्याकडं चारच लिहितात. तुम्हीच म्हणायचात ना, शून्य बोलायचं नसतं."

"बोलायचं नसतं," बाबा म्हणाले. "बरोबर आहे."

 त्यांनी आपला उजवा हात उचलला, अंगठा आणि दोन बोटं जुळवून. पेन्सिल धरल्यासारखी. मग माझ्या गुडघ्यावर एक छोटा गोल काढला.

"बारके, लोक चार लिहायचे. पाचवं मी रोज घालत होतो, एकेका पत्रावर, हातानं. तो लाल गोल तुम्हाला काय वाटायचा गं?"